काडतूस कुठून भरायचे?
लिव्हर-ॲक्शन रायफलींच्या रचनेवरील पुस्तकाची प्रस्तावना

बंदुकांवरची बहुतेक पुस्तके बार उडतो तिथून बोलायला लागतात. मिनिटाला किती गोळ्या सुटल्या, किती अंतरावर नेम लागला, कोणत्या लढाईत कोणाची सरशी झाली, याची त्यांत भरपूर माहिती असते. पण उडण्याआधी बार भरावा लागतो. तो किती वेळात भरतो, अंधारात भरता येतो का, थंडीने बोटे बधिर झाली असताना भरता येतो का, आणि न उडवताच काढून घ्यायचा तर कसा, हे प्रश्न ज्याच्या हातात बंदूक असते त्याला नेमाइतकेच महत्त्वाचे असतात. हे पुस्तक त्या बाजूने लिहिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत जन्मलेली आणि आजही नव्याने घडवली जाणारी लिव्हर-ॲक्शन रायफल हा त्याचा विषय. तिला विचारलेला मुख्य प्रश्न एकच: काडतूस कुठून भरायचे?

या प्रश्नाची पाच उत्तरे निघाली. मागून दस्त्यातून, पुढून नळीच्या टोकाकडून, बाजूच्या झडपेतून, वरून, आणि खालून सुटे मॅगझीन अडकवून. प्रत्येक उत्तराने रायफलीचा आकार बदलला, हातातला तोल बदलला, गोळीचे टोक बोथट असावे की अणकुचीदार हेही ठरवले. पावणेदोनशे वर्षांच्या या प्रवासात जे फाटे फुटले ते मुख्यतः भरण्याच्या रीतीवरून फुटले, आणि आज नेमबाज व शिकारी ज्या आवडीनिवडींवरून हिरिरीने वाद घालतात त्यांचे मूळही तिथेच आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

मराठी वाचकाला ही रायफल बहुधा पडद्यावरून माहीत असते. अँथनी मान यांच्या १९५० सालच्या ‘विंचेस्टर ’७३’ या चित्रपटात तर तीच कथेच्या मध्यभागी आहे. प्रत्यक्षात आपल्या परिचयाच्या बंदुका वेगळ्या. कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगलेली ठासणीची बंदूक अनेकांनी पाहिली आहे: तोंडातून दारू ओतायची, छर्रे घालायचे आणि गजाने ठासायचे. दुसरी ओळख पोलिसांच्या ‘थ्री नॉट थ्री’ची, म्हणजे ली-एनफिल्डची, तिचा बोल्ट मुठीत धरून उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. एनसीसीत गेलेल्यांनी लहान ‘पॉइंट टू-टू’ रायफलीवर हीच क्रिया केली आहे. ठासणीची बंदूक आणि बोल्टची रायफल यांच्या मधल्या काळात अमेरिकेने जी वाट काढली, ती हिंदुस्थानातल्या लष्कराच्या वाट्याला आली नाही. इथे आली ती मार्टिनी-हेन्री. ब्रिटिशांनी १८७१ साली स्वीकारलेल्या या रायफलीलाही खाली लिव्हर होता, पण ती एकबारी होती. लिव्हर खाली केला की मागचा ठोकळा झुकून चेंबर उघडायचा आणि दर वेळी हाताने एक काडतूस सरकवावे लागायचे. तिच्या नावातले हेन्री हे एडिंबराचे अलेक्झांडर हेन्री. या पुस्तकात वारंवार भेटणारे बेंजामिन टायलर हेन्री वेगळे, अमेरिकेतले. नवख्या वाचकाची इथे नेहमी गफलत होते, म्हणून आरंभीच सांगितले.

आता यंत्राची ओळख करून घेऊ. चापाभोवतीचे कडे लांबवून त्याचाच लिव्हर केलेला असतो. उजव्या हाताची बोटे त्या कड्यात असतात. लिव्हर खाली-पुढे ढकलला की बोल्ट मागे सरकतो, चेंबरमधली रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि जाता जाता घोडा चढवतो. मॅगझीनमधले पुढचे काडतूस या वेळी वर उचलले जाते. लिव्हर परत वर घेतला की बोल्ट ते काडतूस चेंबरमध्ये ढकलतो आणि त्याच्या मागे घट्ट बंद होतो. रायफल खांद्यावरून न उतरवता आणि नजर माशीवरून फारशी न हलवता पुढचा बार तयार होतो. हे सारे घडते ते मॅगझीनमध्ये काडतुसे आहेत तोवर. ती संपली की मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो.

आरंभ झाला वॉल्टर हंट या न्यूयॉर्कच्या संशोधकापासून. त्याने १८४८ मध्ये गोळीच्याच पोकळ बुडात दारू भरण्याची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी बॅरलखाली नळीचे मॅगझीन असलेली रायफल आखली. लुईस जेनिंग्ज, मग होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी ती सुधारली. त्यातून १८५५ साली व्होल्कॅनिक कंपनी उभी राहिली. व्होल्कॅनिकची गोळी फारच दुबळी होती. पोकळीत मावणारी दारू ती किती असणार? कंपनी बुडाली आणि तिची सूत्रे ऑलिव्हर विंचेस्टर या न्यू हेवनच्या सदरे बनवणाऱ्या कारखानदाराकडे गेली. विंचेस्टरला बंदुका घडवता येत नव्हत्या, पण माणूस निवडता येत होता. त्याने कारखाना बेंजामिन टायलर हेन्रीच्या हाती दिला. हेन्रीने धातूच्या पुंगळीचे .४४ रिमफायर काडतूस सिद्ध केले आणि ऑक्टोबर १८६० मध्ये त्याच्यासाठीच्या रायफलीचे पेटंट घेतले.

हेन्री रायफलीच्या नळीत पंधरा-सोळा काडतुसे मावत. ठासणीच्या बंदुकीने मिनिटाला दोन-तीन बार काढणाऱ्या काळात हा आकडा थक्क करणारा होता. भरण्याची रीत मात्र अवघड. नळीला खालून लांबच लांब फट होती. काडतुसे मागे रेटणारा स्प्रिंगचा दट्ट्या त्या फटीतून बोटाने धरून थेट बॅरलच्या तोंडापर्यंत न्यायचा, पुढचे टोक वळवून बाजूला करायचे, आणि एकामागून एक काडतुसे वरून आत सोडायची. भरताना रायफल पूर्ण निकामी असे. फटीतून चिखल आणि काडीकचरा आत शिरे. बार निघत जात तसा दट्ट्याचा कान मागे सरकत येऊन बॅरल धरलेल्या हाताला अडे, मग हात उचलून पुढे घ्यावा लागे. खाली लाकडी आवरण नसल्याने तापलेले बॅरल हाताला भाजे. तरीही अमेरिकेच्या यादवी युद्धात अनेक सैनिकांनी पदरमोड करून ती विकत घेतली. साधारण चौदा हजार हेन्री रायफली तयार झाल्या. सरकारने मात्र त्यांतल्या थोड्याच घेतल्या.

त्याच वर्षी, मार्च १८६० मध्ये, ख्रिस्तोफर स्पेन्सरने दुसरे उत्तर पेटंट करून घेतले. त्याची नळी दस्त्याच्या पोटात होती आणि तिच्यात सात काडतुसे मावत. लिव्हरने काडतूस बदलले जाई, घोडा मात्र दर वेळी अंगठ्याने चढवावा लागे. म्हणून ती हेन्रीपेक्षा सावकाश चाले, पण काडतूस अधिक दमदार होते आणि नळी दस्त्याच्या लाकडात सुरक्षित होती. ऑगस्ट १८६३ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी ती स्वतः चालवून पाहिली. युद्धाच्या अखेरीस स्पेन्सरसाठी ब्लेकस्ली पेटी निघाली: सात-सात काडतुसे भरलेल्या पत्र्याच्या नळ्या त्या पेटीत तयार असत, दस्त्याचे भोक उघडून एक नळी त्यात रिती करायची की रायफल भरली. एकेक काडतूस मोजत बसण्याऐवजी मूठभर काडतुसे एका हालचालीत आत घालण्याचा हा विचार त्या काळाच्या पुष्कळ पुढे होता. स्पेन्सर दोन लाखांवर बनल्या. युद्ध संपताच सरकारने आपल्याकडच्या रायफली स्वस्तात विकायला काढल्या, नव्या रायफलींना गिऱ्हाईक उरले नाही, आणि काही वर्षांतच स्पेन्सरची कंपनी विंचेस्टरच्या घशात गेली. दस्त्यातून भरण्याची परंपरा तिथे जवळपास खुंटली.

निर्णायक वळण आले १८६६ मध्ये. विंचेस्टरच्या कारखान्यातल्या नेल्सन किंगने रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट सामावणाऱ्या मधल्या धडाच्या, उजव्या बाजूला स्प्रिंगची एक छोटी झडप बसवली. काडतुसाच्या टोकाने झडप आत दाबायची आणि अंगठ्याने ते पुढे रेटायचे. ते नळीत जाऊन बसते आणि झडप आपोआप मिटते. एवढ्याशा बदलाने किती गोष्टी सुटल्या पाहा. नळीची फट बंद झाली, त्यामुळे आत कचरा जाईना. दट्ट्याचा कान गेला, म्हणून बॅरलखाली लाकूड बसवता आले आणि हात भाजायचा थांबला. सर्वांत मोठे म्हणजे चेंबरमध्ये तयार काडतूस ठेवून, खांद्यापासून फार दूर न नेता, दोन बार काढले की दोन भरता येऊ लागले. रायफल भरण्यासाठी ती निकामी करण्याची गरज उरली नाही. पितळी रंगामुळे ‘यलो बॉय’ म्हणून ओळखली गेलेली ही १८६६ ची विंचेस्टर, आणि तिच्यामागून आलेली लोखंडी, पुढे पोलादी रिसीव्हरची १८७३ ची, या दोघींनी लिव्हर-ॲक्शनचा रूढ चेहरा ठरवला. १८७३ च्या रायफली सात लाखांहून अधिक बनल्या. तिचे .४४-४० हे काडतूस कोल्टच्या रिव्हॉल्व्हरलाही १८७८ पासून चालू लागले. कमरेच्या आणि खोगिराच्या हत्याराला एकच काडतूस पुरले, हे दूरवरच्या वस्तीत राहणाऱ्याला मोठेच सुख होते.

या पहिल्या पिढीची कमजोरी तिच्या सांध्यात होती. बोल्ट मागून पेलणारी दुहेरी कडी माणसाच्या गुडघ्यासारखी: सरळ असली की भार पेलते, जरा वाकली की कोसळते. जास्त दाबाची काडतुसे तिला झेपत नव्हती. यूटामधल्या ऑग्डेनच्या जॉन मोझेस ब्राउनिंगने हे कोडे सोडवले. त्याच्या १८८६ च्या रायफलीत बोल्टच्या दोन्ही अंगांना पोलादी खिट्ट्या उभ्या सरकतात आणि बोल्ट जागीच कुलूपबंद करतात. तीच रचना लहान करून १८९२ ची रायफल झाली. १८९४ च्या रायफलीसाठी पुढच्याच वर्षी धूरविरहित दारूचे .३०-३० काडतूस आले. अमेरिकेतल्या हरणाच्या शिकारीचे ते पिढ्यान् पिढ्या ठरलेले काडतूस झाले, आणि ही रायफल एकूण सत्तर लाखांवर बनली. या सर्वांत भरणे मात्र किंगच्याच झडपेतून. ब्राउनिंगने कुलूप बदलले, दार तेच ठेवले.

दाराइतकाच पुंगळी बाहेर टाकण्याचा मार्गही महत्त्वाचा आहे. विंचेस्टरच्या रायफली रिकामी पुंगळी वरून फेकत, त्यामुळे माथा उघडा असे. न्यू हेवनच्याच जॉन मार्लिनने १८८९ मध्ये रिसीव्हरचा माथा अखंड ठेवून पुंगळी उजव्या बाजूने काढली. तेव्हा हा पावसापाण्यापासून बचावाचा आणि चेहऱ्यावर पुंगळी न येण्याचा मुद्दा होता. विसाव्या शतकात रायफलीवर दुर्बीण बसवण्याची चाल पडली आणि मार्लिनच्या त्या अखंड माथ्याला नवे मोल आले. १९४८ च्या मार्लिन ३३६ वर दुर्बीण सहज बसे. विंचेस्टरने तिरक्या फेकीची सोय १९८० च्या दशकात केली. विंचेस्टरवाले आणि मार्लिनवाले असे जे दोन तट अमेरिकी शिकाऱ्यांत आजही दिसतात, त्यांच्या वादाचे अर्धे बीज या एका खाचेच्या जागेत आहे.

नळीच्या मॅगझीनला एक उपजत मर्यादा आहे. नळीत काडतुसे एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे ठिणगी देणाऱ्या प्रायमरला टेकते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने नळीतच काडतूस उडण्याचा धोका. म्हणून .३०-३० सारख्या काडतुसांच्या गोळ्या बोथट किंवा गोल टोकाच्या राहिल्या, आणि बोथट गोळी हवेत लवकर मंदावते. भरण्याची जागा थेट पल्ल्यावर परिणाम करते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही. जमैकात जन्मलेल्या आर्थर सॅव्हेजने नळी टाकूनच दिली. त्याच्या १८९९ च्या रायफलीत रिसीव्हरच्या पोटात फिरते चाक आहे; वरून दाबलेले प्रत्येक काडतूस चाकाच्या वेगळ्या खोबणीत बसते, कुणाचे टोक कुणाला लागत नाही. बाहेर घोडा नाही, आणि आत किती काडतुसे उरली हे एका लहान खिडकीत दिसते. १९१५ साली सॅव्हेजने .२५०-३००० हे काडतूस आणले. त्याच्या नावातला मोठा आकडा सेकंदाला ३००० फूट वेगाचा आहे. ब्राउनिंगनेही १८९५ च्या विंचेस्टरमध्ये नळी सोडून वरून भरायचे पाच काडतुसांचे मॅगझीन दिले. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा त्यांच्या सामानात ही रायफल होती. पहिल्या महायुद्धात रशियाने तिच्या जवळपास तीन लाख प्रती घेतल्या आणि पाच काडतुसांची पट्टी वरून एका दाबात रिकामी करण्यासाठी तिच्यावर खास खाचा बसवून घेतल्या.

जगातली बाकीची सैन्ये लिव्हरकडे का वळली नाहीत? याचे उत्तरही भरण्यात सापडते. जमिनीवर पालथे पडून लिव्हर खाली ढकलायला जागा मिळत नाही, हे एक कारण खरेच आहे. पण नळी एकेक काडतुसाने भरण्यात जाणारा वेळ हे त्याहून मोठे कारण. १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपात पाच काडतुसांची पट्टी किंवा खोका एकदम आत घालणाऱ्या बोल्टच्या रायफली आल्या. आपली थ्री नॉट थ्री त्याच घराण्यातली: दोन पट्ट्यांत दहा काडतुसे. या वेगापुढे अंगठ्याने रेटायची झडप टिकणे शक्य नव्हते.

लिव्हर रायफलीने रणांगणावर आपला ठसा उमटवला नाही असे मात्र नाही. १८७७ मध्ये प्लेव्हना इथे तुर्की सैन्याने लांब पल्ल्याला पीबॉडी-मार्टिनी आणि शत्रू जवळ आल्यावर विंचेस्टर वापरून रशियन हल्ले परतवले. त्याआधी जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायेन योद्ध्यांकडे हेन्री व विंचेस्टर होत्या, तर अमेरिकी सैन्यातल्या कस्टरच्या घोडदळाकडे एकबारी स्प्रिंगफील्ड. १९८३ च्या वणव्यात तिथले गवत जळाल्यावर पुरातत्त्वज्ञांनी मैदान पद्धतशीर धुंडाळले आणि सापडलेल्या पुंगळ्यांवरच्या खुणांवरून कोणती रायफल कुठून कुठे सरकली हे मांडले. या रायफलीची ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ म्हणून पुढे जाहिरात झाली. पश्चिम कोणाकडून जिंकली, हे त्या जाहिरातीत नव्हते. ज्यांची भूमी गेली त्यांनीही हीच रायफल हाती घेऊन प्रतिकार केला, हे नमूद केल्याशिवाय या यंत्राचा इतिहास प्रामाणिक होत नाही. मी तो तसाच मांडायचा प्रयत्न केला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचवे उत्तर पुढे आले. १९५५ ची विंचेस्टर ८८ आणि १९७० च्या आसपासची ब्राउनिंग बीएलआर यांनी खालून अडकवायचे सुटे मॅगझीन दिले. आत बोल्ट-रायफलीसारखा फिरता बोल्ट, बाहेर लिव्हर. अणकुचीदार गोळ्या, आधुनिक काडतुसे, झटपट भरणे, झटपट रिकामे करणे, सारे साधले. तरीही जुन्या चाहत्यांचे मन त्यांनी पूर्ण जिंकले नाही. एका हाताने मध्यावर पकडून दिवसभर चालता येईल असा सपाट, बारीक देह नळीच्या रायफलीलाच लाभतो, असे ते म्हणतात; खाली आलेले मॅगझीन नेमके त्या पकडीच्या जागी येते. त्यांच्या या म्हणण्यात तथ्य आहे.

आजचा सर्वांत रंगलेला वाद किंगची झडप आणि पुढून भरायची नळी यांच्यात आहे. .२२ च्या लहान काडतुसांसाठी पुढून भरणे पूर्वीच रूढ झाले होते. मार्लिनच्या १८९१ च्या .२२ रायफलीला आधी बाजूची झडप होती, पण लवकरच तिच्या जागी पुढून उपसायची आतली नळी आली. १९९६ मध्ये ब्रुकलिनमध्ये सुरू झालेल्या नव्या हेन्री कंपनीने, जिचा जुन्या हेन्रीशी नावापुरताच संबंध आहे, हीच रीत मोठ्या काडतुसांनाही लावली. आतली पितळी नळी पिळून वर उपसायची, बाहेरच्या नळीच्या खाचेतून काडतुसे सोडायची, नळी परत खाली दाबून अडकवायची. चाहत्यांचा एक गट म्हणतो, यात अंगठा सोलवटत नाही, रिसीव्हरला भोक पडत नाही, आणि रिकामी करताना नळी उपसून रायफल कलती केली की काडतुसे ओंजळीत येतात. झडपेच्या रायफलीत तीच काडतुसे लिव्हर हलवत एकेक करून चेंबरमधून काढावी लागतात. चाप, भरलेले चेंबर आणि हलता हात एकत्र येतात. दुसरा गट म्हणतो, शिकारीत दोन बार काढल्यावर दोन काडतुसे भरण्यासाठी हात बॅरलच्या तोंडाजवळ नेणे आणि मॅगझीन उघडे टाकणे हे १८६० मध्ये परत जाणे आहे. दोन्ही गट आपापल्या वापरापुरते बरोबर आहेत. हेन्री कंपनीने २०१९ पासून काही रायफलींना नळी कायम ठेवून झडपही दिली, आणि स्मिथ अँड वेसनने २०२४ मध्ये आणलेल्या १८५४ या रायफलीतही दोन्ही सोयी आहेत.

इतर आवडीनिवडी याच मोठ्या प्रश्नाभोवती फिरतात. लिव्हरचे कडे मोठे असावे का? हातमोजे घालणाऱ्याला ते उपयोगी. जॉन वेनने १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये मोठे कडे फिरवून ते लोकप्रियही केले. सुरक्षेसाठी घोड्याची अर्धी चढती अवस्था पुरे, की रिसीव्हरमध्ये आडवी खिट्टी हवी? दस्ता सरळ असावा की मुठीला वळण देणारा? बॅरल गोल की अष्टकोनी? यांतल्या प्रत्येकावर तावातावाने बोलणारी माणसे आहेत, आणि त्यांना त्यांचे म्हणणे मांडायला या पुस्तकात जागा दिली आहे.

हा विषय आजच मांडण्याचे कारण काय? २००६ साली विंचेस्टरचा न्यू हेवनमधला कारखाना बंद झाला तेव्हा ही परंपरा संपली असे अनेकांना वाटले. घडले उलट. जपानमधल्या मिरोकूने विंचेस्टरच्या रायफली घडवल्या, इटलीत उबर्टीने आणि ब्राझीलमध्ये रॉसीने जुन्या रचनांच्या प्रती काढल्या. २०२० मध्ये रुगरने मार्लिन विकत घेतली आणि पुढच्या वर्षाअखेरीस ती रायफल पुन्हा बाजारात आली. मऊ टोकाच्या अणकुचीदार गोळ्यांनी नळीची जुनी मर्यादाही सैल केली. ज्या देशांत स्वयंचलित रीतीने भरणाऱ्या रायफलींवर बंदी किंवा कडक नियंत्रण आले, तिथे हाताने चालणाऱ्या लिव्हरकडे लोक वळले, आणि कायद्यालाही भरण्याचा प्रश्न विचारावा लागला. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर शस्त्रकायदे कडक केले. पुढे लिव्हरच्या एका आयात शॉटगनवरून मोठा वाद झाला आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या केंद्र व राज्य सरकारांनी मर्यादा ठरवली: पाचपर्यंत काडतुसे मावणारी लिव्हर शॉटगन एका वर्गात, त्याहून अधिक मावणारी सर्वांत कडक नियंत्रणाच्या वर्गांत. मॅगझीनची लांबी हा तिथे सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न झाला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना सोपा नाही. हे योग्यच आहे असे मला वाटते. तरीही जगातल्या शस्त्रविषयक कायद्यांच्या बातम्या वाचताना लिव्हर, बोल्ट, अर्धस्वयंचलित हे शब्द नीट समजावेत, वस्तुसंग्रहालयातली रायफल पाहताना तिच्या अंगावरची झडप कशासाठी हे कळावे, एवढी जाण मराठी वाचकाला असायला हवी. मराठीत ती देणारे लेखन फारच थोडे आहे.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक रचनेकडे चार प्रश्न घेऊन गेलो आहे. भरायला किती हालचाली लागतात? भरताना रायफल तयार राहते की निकामी होते? गोळीच्या आकारावर कोणते बंधन येते? आणि ती सुरक्षितपणे रिकामी कशी होते? पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा जगभर पुष्कळ झाली आहे. तिसऱ्याची तज्ज्ञांनी केली आहे. चौथ्याची सर्वांत कमी झाली आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे, कारण आयुष्यभरात कोणतीही रायफल उडवून रिकामी होते त्याहून कितीतरी अधिक वेळा ती न उडवता रिकामी करून ठेवावी लागते. हे पुस्तक रायफल कशी निवडावी किंवा दुरुस्त करावी याचे मार्गदर्शन करत नाही. रचनाकारांसमोर कोणती अडचण होती, त्यांनी तिच्यासाठी कशाचा त्याग केला, आणि तो त्याग वापरणाऱ्याने का मान्य केला किंवा नाकारला, एवढे समजावून देणे हाच त्याचा हेतू आहे.

माझा निष्कर्षही इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला तो पारखत पुढे जाता येईल. किंगच्या झडपेने लिव्हर रायफल वापरण्याजोगी झाली, आणि उपसता येणाऱ्या नळीने ती रिकामी करणे निर्धोक झाले; या दोन्ही सोयी एकाच रायफलीत एकत्र आल्या, हे गेल्या काही वर्षांतले खरे पाऊल आहे. ते पडायला दीडशे वर्षे का लागली, हे शोधणे या पुस्तकाचे काम. वाचकाला एकच विनंती: पुढे येणाऱ्या प्रत्येक रायफलीपाशी थांबून चौथा प्रश्न आधी विचारा, आणि तुमचे उत्तर माझ्यापेक्षा वेगळे आले तर तुमच्या उत्तरावर विश्वास ठेवून पुढे वाचा.